एकतीस पेशंटांचा दवाखाना

आमच्या जिन्याखाली एक बाई इस्त्री करते. आज बावीस वर्षं करते. तिला सगळे कडकबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तिलाही त्याचं काही वाटत नाही. एकदा तळमजल्यावरच्या मास्तरांनी तिला खऱ्या नावाने हाक मारली, तर ही मागे वळून बघते की कुणाला बोलावतायत.

माझं लिहिणं म्हणजे दूधवाल्याच्या चिठ्ठीपुरतं. पण तिच्याबद्दल कुणी लिहील असं दिसत नाही, म्हणून मीच बसले.

तिचं टेबल म्हणजे कुणीतरी टाकून दिलेलं एक दार, खाली चार विटांचे खांब. कडी अजून तशीच आहे, कपडे हलवताना पोरांच्या शर्टांची बटणं तिच्यात अडकतात. सकाळी सातला टेबल लागतं. कपडा हातात आला की तिला त्या घरातलं सगळं कळतं. कोण नोकरीला जायचं थांबलं, कोण बारीक झालं, कुणाच्या शर्टाला औषधाचा वास यायला लागला. पण बोलत नाही. ‘दुसऱ्यांच्या घड्या मोडायचं माझं काम नाही,’ म्हणते. मोर्चा, सभा वगैरे तिने कधी पाहिलं नव्हतं. पुढाऱ्यांचे पांढरे कपडे मात्र तिच्याकडेच येत. ती म्हणायची, ‘आजी, यांचं भाषण ऐकायला कोण जाणार? कॉलर इतकी मळते, त्यावरून अंदाज आलाच की.’

तिचे मालक बस चालवायचे. साखरेने पायाला धरलं. आधी करंगळी गेली, मग शेजारचं बोट. त्या जागी जी जखम राहिली ती काही केल्या भरेना. एक दिवसाआड ड्रेसिंग. पुलापलीकडच्या मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, ड्रेसिंग चुकलं तर पाऊल जाईल. चुकणार कशाला? आमच्या गल्लीच्या तोंडाशी सरकारी दवाखाना आहे. तीन खोल्या, एक डॉक्टरीणबाई, एक कंपाउंडर. एक दिवसाआड ही दहा वाजता इस्त्री बाजूला ठेवायची, नवऱ्याला खांद्याचा आधार देऊन दवाखान्यात न्यायची आणि अकराला परत टेबलाशी.

एक दिवस अशीच गेली तर दवाखान्याच्या भिंतीवर कागद. पेशंट फार कमी येत असल्यामुळे हा दवाखाना येत्या एक तारखेपासून बंद. सर्वांनी पुलापलीकडच्या रुग्णालयात जावे.

तिथे जायला दोन बस आणि मध्ये तो लोखंडी पूल, पंचावन्न पायऱ्यांचा. एका पायावर लंगडणाऱ्या माणसाला. आणि ही गेली की अख्खा दिवस टेबल बंद.

दुसऱ्या दिवशी ती वॉर्ड ऑफिसात गेली. आयुष्यात पहिल्यांदा. तिथल्या क्लार्कने रजिस्टर काढून दाखवलं. रोजचे सरासरी पेशंट, एकतीस.

परत आली ती थेट माझ्याकडे. अंगाचा नुसता तिळपापड.

‘एकतीस! आजी, एकतीस माणसं तर आपल्या एका जिन्यात खोकतात. खोटं लिहितात मेले!’

‘बस आधी. पाणी पी.’

‘पाणी नको. तुमचा दवाखान्याचा केस पेपर दाखवा.’

मी काढून दिला. तो आमच्या ह्यांच्या नावाचा. हे जाऊन तीन वर्षं झाली. कडकबाईने कागद उलगडला, डोळ्यांजवळ धरला आणि वाचायला लागली.

‘जानेवारी. कान दुखणे. फेब्रुवारी, दात येताना जुलाब. मार्च, सकाळी मळमळ, तिसरा महिना...’ तिने माझ्याकडे पाहिलं. ‘आजी, हे काका आहेत?’

‘कान माझा. दात धाकट्या नातवाचे. मळमळ सुनेची.’

‘आणि काका?’

‘ते बरे आहेत. वारल्यापासून त्यांची काही तक्रार नाही.’

ती आधी हसली. मग हसता हसता थांबली. पेपर तिच्या हातात तसाच.

आता हे नीट सांगायला हवं, कारण चूक आमची होती आणि आमच्यासारख्यांनाच सुचेल अशी होती. दवाखान्यात नवा केस पेपर काढायची खिडकी सकाळी नऊ ते साडेनऊ उघडी. अर्ध्या तासात वीसेक नावं होतात, बाकीचे उद्या या. पण जुना पेपर असला तर दुसऱ्या खिडकीतून सरळ आत. मग कोण नवा काढतो? घरातल्या थोरल्या माणसाचा पेपर असतोच, त्याच्यावरच सगळे. एका पेपरवर सासू, सून, दोन पोरं, गावाहून आलेला पाहुणा. डॉक्टरीणबाई तोंडाने सगळ्यांना ओळखतात, पेपरवर कुणाला काय झालं ते लिहितात, औषध देतात. पण रजिस्टरात फक्त पेपरचा नंबर जातो आणि एका दिवशी एक नंबर एकदाच. आमच्या घरची चार माणसं गेली की रजिस्टरात एक म्हातारा गेला. तोही वारलेला.

‘म्हणजे दवाखाना आपणच रिकामा केला,’ कडकबाई म्हणाली. ‘बसल्या जागी.’

मला वाटलं आता ही रडेल. ती उठली. ‘मग आपणच भरू.’

एक तारखेला अकरा दिवस होते. तिने काय केलं, तर इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा ज्या ज्या घरी जातो, त्या त्या गठ्ठ्याला टाचणीने एक चिठ्ठी लावली. अक्षर माझं, कारण तिचं माझ्याहून वाईट. ‘सोमवारी सकाळी नऊ. घरातल्या प्रत्येकाने स्वतःच्या नावाचा नवा पेपर काढायचा. जुना सोबत आणायचा.’ साठ-सत्तर चिठ्ठ्या लिहिल्या मी. मनगट धरलं. तक्रार नाही, दवाखाना होता ना.

चिठ्ठ्यांपाठोपाठ ती स्वतः दारोदार. चार जिने, सगळे मजले. बहुतेक हो म्हणाले. काही नाही म्हणाले. मास्तर तर भडकलेच.

‘तुला कळतंय का काय करतेस? जुने पेपर घेऊन जायचं म्हणजे फसवणूक केली हे स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. माझी पेन्शन आहे. मी या भानगडीत नाही.’

‘मास्तर, तुमच्या पेपरवर शेजारच्या दोघी औषध घेतात.’

‘म्हणून तर!’

‘बरं,’ म्हणाली आणि खाली आली.

जे जे नाही म्हणाले त्यांचे कपडे दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे वेळेवर पोचले. घडी सुरेख, कॉलर ताठ. फक्त प्रत्येक शर्टाची एक बाही चुरगळलेली. अकरा घरं. मास्तर तणतणत खाली आले.

‘ही बाही?’

‘राहिली.’

‘कधी होणार?’

‘सोमवारी. नऊ वाजता. दवाखान्यापाशी असेन मी.’

मी तिला म्हटलं, अगं, अशाने गिऱ्हाईक तुटेल. ती म्हणाली, ‘तुटू दे. पाऊल तुटण्यापेक्षा बरं.’

सोमवारी मी साडेआठलाच काठी घेऊन गेले. वाटलं, पन्नास माणसं आली तरी डोक्यावरून पाणी. रांग दवाखान्याच्या दारातून गल्लीत, गल्लीतून वळून पिठाच्या गिरणीपर्यंत. कडेवर पोरं, चाकाच्या खुर्चीत एक आजोबा, कामावर खाडा करून आलेले तरणे. कंपाउंडरने खिडकी उघडली, रांग बघितली आणि चष्मा काढून पुसला. साडेनऊला एकवीस नावं झाली. त्याने खिडकी ओढली.

‘वेळ संपली. उद्या या.’

‘उद्या नाही,’ कडकबाई म्हणाली आणि खिडकीखाली फरशीवर बसली. तिच्यामागे पुढची बसली. मग मागची. शेवटी मीसुद्धा. बसता येतं मला, उठता येत नाही, म्हणजे माझा तर मुक्कामच.

कंपाउंडरने ऑफिसात फोन केला. अकराच्या सुमाराला साहेब आले. तरुण, गोरटेले, बोलायला गोड. हातात तेच रजिस्टर.

‘ताई, अशी गर्दी जमवून आकडा वाढत नाही.’

‘गर्दी नाही साहेब, पेशंट आहेत. तुमच्या वहीत यांची नावं नाहीत, ती घालायला आलेत.’

तिने आमच्या ह्यांचा पेपर त्यांच्या हातात दिला. साहेबांनी वाचला. मळमळीपाशी भुवया वर गेल्या.

‘हा माणूस हयात आहे?’

‘नाही,’ मी खालून सांगितलं. ‘पण औषध लागू पडतं त्याला.’

लोक हसले. साहेब हसले नाहीत.

‘म्हणजे एका पेपरवर अनेकांनी औषधं घेतली. हा गैरप्रकार आहे. कारवाई होऊ शकते, माहीत आहे?’

हसू गेलं. मागे दोघं-चौघं उठून चपला शोधायला लागले. मला वाटलं, संपलं.

कडकबाई उभी राहिली. ‘लिहा. पहिलं नाव माझं. मालकांच्या पेपरवर माझा खोकला आहे, सुनेचा हात भाजला तेव्हाचं मलम आहे. कशाला, विचारा. कारण तुमची खिडकी अर्धा तास उघडी असते. पूर्ण दिवस उघडी ठेवली असती तर आम्ही प्रत्येकाचा वेगळा काढला असता. आता माझं नाव लिहा आणि खिडकीचंही लिहा.’

साहेब पेन काढेनात.

‘दुसरं माझं,’ मागून आवाज आला. मास्तर. एक बाही ताठ, एक चुरगळलेली. ‘शेजारणींना पेपर मी दिला. पेन्शनीचा नंबर पाठ आहे, सांगतो.’

मग तिसरं, चौथं. चपला शोधणारे परत बसले.

‘हे बघा,’ साहेबांचा आवाज जरा खाली आला, ‘नियमाने खिडकी साडेनऊला बंद. मी काही करू शकत नाही.’

‘काही नका करू. फक्त एक कागद लिहून द्या. आज तारीख अमुक, दवाखान्यात तीनशे पेशंट आले, खिडकी बंद म्हणून परत पाठवले. खाली तुमची सही. तो कागद आम्ही त्या भिंतीवर, तुमच्या कागदाशेजारी लावतो. एकात पेशंट येत नाहीत, दुसऱ्यात तीनशे परत गेले. लोक वाचतील दोन्ही.’

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. मग रांगेकडे. डॉक्टरीणबाई दारात येऊन उभ्या होत्या, हाताची घडी घालून. साहेब कंपाउंडरला म्हणाले, ‘उघडा.’

संध्याकाळी पाचपर्यंत खिडकी उघडी होती. तीनशे बारा पेपर झाले. कंपाउंडरची बोटं आखडली, तर रांगेतली पोरं त्याला नावं वाचून दाखवत होती. तपासणी पुढे आठवडाभर चालली. मास्तरांना साखर निघाली. ते म्हणतात, कडकबाईने लावली.

आणि तरी एक तारखेला एक माणूस कुलूप घेऊन आलाच. वरून हुकूम बदलला नव्हता म्हणे. सकाळचे दहा. आत कडकबाईचे मालक स्टुलावर पाय ठेवून बसलेले, पट्टी अर्धी सुटलेली. बाहेर नव्या पेपरांची रांग. कुलूपवाला दारात आला.

‘सगळे बाहेर व्हा. बंद करायचंय.’

‘ड्रेसिंग चाललंय,’ कडकबाई म्हणाली. ‘जखम उघडी आहे. झाकल्यावर बोला.’

तो थांबला. मालकांचं झालं, तर स्टुलावर पुढचा बसला. त्याचं झालं, तर पुढची. कुणीच घाई करेना. मी माझ्या कानाचं इतकं सविस्तर सांगितलं की डॉक्टरीणबाईंनाच जांभई आली. दुपारी दोनला दवाखान्याची वेळ संपली तेव्हा अजून चाळीस माणसं आत. कुलूपवाल्याने खिशातून फोन काढला, बोलला आणि कुलूप घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आला, तेच झालं. तिसऱ्या दिवशी तो आला, पण कुलूप न आणता. त्याला दाढदुखी होती. कडकबाईने त्याला रांगेत उभं केलं. नाव लिहिलं. पुढच्या आठवड्यात बंदचा हुकूम मागे घेतल्याचं पत्र आलं, खिडकी सकाळी नऊ ते एक.

मालकांची जखम भरायला आणखी पाच महिने लागले. डॉक्टरीणबाईंनी शेवटची पट्टी काढली, पाऊल दाबून बघितलं आणि म्हणाल्या, ‘आता ड्रेसिंगला यायची गरज नाही.’

मालक खूश. चप्पल दोन्ही पायांत घातली, दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि निघाले घरी. कडकबाईने दंड धरला.

‘कुठे?’

‘बरा झालोय की.’

‘ते घरी सांगा. इथे एकेक नाव कमी होत गेलं तर पुन्हा एकतीस होतील. परवा दहाला यायचं, ब्लडप्रेशर मोजून घ्यायचं.’

‘मला ब्लडप्रेशर नाही!’

‘येईल,’ ती म्हणाली आणि इस्त्री तापायला ठेवायची होती म्हणून त्यांच्या पुढे चालायला लागली. ते मागून, आपल्या पायांनी.