पडद्याच्या दुमडीतले ट्रक

पडदेवालीची खोली रस्त्याला इतकी खेटून होती की खिडकी उघडी असली तर ट्रकवाल्याने नुसता हात लांब करून तिच्या टेबलावरची कात्री उचलली असती. कुणी उचलली नाही, कारण त्या गल्लीत शिरल्यावर बिचाऱ्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटलेले असत. गोदामापासून हमरस्त्याला जायला गावाबाहेरून चांगला रुंद रस्ता होता, पण त्याला वीस मिनिटं जास्त लागत. वीस मिनिटं वाचवायला माणसं काय काय करतात हे ज्याला बघायचं असेल त्याने या गल्लीत येऊन उभं राहावं. फक्त भिंतीला पाठ लावून.

पडदेवाली पडदे शिवायची, म्हणून गल्ली तिला पडदेवाली म्हणायची. नवरा दूरच्या बंदरात क्रेन चालवायचा आणि दोन महिन्यांतून एकदा घरी यायचा. बाकी दिवस घरात ती, तिची मशीन आणि सासरे. सासऱ्यांनी चाळीस वर्षं ट्रक चालवला होता. गल्लीत त्यांना उस्ताद म्हणत. आता डोळ्यांनी साथ सोडली होती, दिवस आहे की रात्र एवढंच कळायचं. पण कान असे की ट्रक अजून गोदामाच्या फाटकात असतानाच ते सांगत, "आला. दहाचाकी आहे. क्लच गेलाय बिचाऱ्याचा."

या "आला"वर पडदेवालीचा सगळा धंदा चालायचा. कारण ट्रक खिडकीखालून गेला की जमीन हलायची, जमीन हलली की टेबल, आणि टेबल हललं की टीप अशी वाकडी जायची की गिऱ्हाईक पडद्याऐवजी शिवणारणीकडेच बघत राहील. पहिल्या वर्षात तिने सुयांची पाकिटंच्या पाकिटं मोडली. मग तिने युक्ती काढली. उस्तादांनी "आला" म्हटलं की ती दोन टाके उलटे मारून टीप पक्की करायची, पाय उचलायची आणि हात मांडीवर ठेवून बसायची. ट्रक गेला की पुन्हा सुरू. तिच्या हातून गेलेल्या प्रत्येक पडद्याच्या दुमडीत अशा बारीक बारीक गाठी होत्या. चांगल्या शिवणकामात उलटा टाका सुरुवातीला असतो आणि शेवटी असतो, मध्ये असला तर ती शिवणारणीची कमजोरी. पडदेवालीला त्याची मनापासून लाज वाटायची. म्हणून ती कापडाच्या रंगाशी तंतोतंत जुळणारा दोरा शोधून आणायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. आजवर एकाही गिऱ्हाइकाला त्या गाठी दिसल्या नव्हत्या.

उस्तादांना मात्र त्या सापडायच्या, कारण ते डोळ्यांनी शोधतच नसत. शिवून झालेला पडदा मांडीवर घेऊन ते दुमडीवरून अंगठा फिरवत जायचे. "हा सकाळचा पहिला. इथं दोन लागोपाठ आले. आणि इथं तू उगाच थांबलीस, सूनबाई, तो ट्रक नव्हता, कचऱ्याची गाडी होती."

"तुम्हीच आला म्हणालात, मामंजी."

"मी आला म्हणालो. ट्रक आला कुठं म्हणालो?"

असं त्यांचं चालायचं. पण गेल्या काही महिन्यांत खिडकीच्या वर भिंतीला एक भेग पडली होती. आधी केसाएवढी, मग दोऱ्याएवढी, आणि आता तिच्यात करंगळी जायची. घरमालक येऊन बघून गेला आणि म्हणाला, "आणखी वाढली तर खोली रिकामी करावी लागेल. माझा नाइलाज आहे." ही खोली गेली तर मशीन ठेवायला दुसरी परवडणार नव्हती, आणि मशीन नाही तर काम नाही, हे समजायला पडदेवालीला कुणी गणित शिकवायची गरज नव्हती.

त्याच सुमाराला नगरपरिषदेने दोन विषय एकाच सभेत घेतले. पहिला, गल्लीतून दिवसा ट्रक बंद करावेत का. दुसरा, कमी उत्पन्नाच्या घरांना विजेच्या बिलात मिळणारी निम्मी मदत पुढे चालू ठेवावी का. वरवर पाहता एकाचा दुसऱ्याशी काय संबंध? पण मदतीचा पैसा यायचा तो गल्लीतून जाणाऱ्या ट्रकांच्या शुल्कातून. म्हणजे ट्रक बंद तर मदत बंद. मदत हवी तर ट्रक सोसा. पडदेवालीच्या मशीनला त्या मदतीच्या जोरावरच मोटर बसली होती, त्याआधी ती पायाने मशीन मारायची आणि संध्याकाळी गुडघा धरून उठायची. ट्रक राहिले तर खोली जाणार, मदत गेली तर गुडघा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये बाई मशीन घेऊन उभी.

गल्लीतही दोन तट पडले. न्हावी म्हणाला, "ट्रक आला की मी वस्तरा वर उचलतो आणि गिऱ्हाईक देवाचं नाव घेतं. असा धंदा किती दिवस करायचा?" समोरच्या मावशी म्हणाल्या, "तुझं गिऱ्हाईक देवाचं नाव घेतंय ते बरंच आहे की. माझं बिल कोण भरणार?" कालपर्यंत एका नळावर गप्पा मारणारी माणसं एकमेकांना बघून दुसऱ्या बाजूने जाऊ लागली, आणि गल्लीला दुसरी बाजू अशी फारशी नव्हतीच.

सभा दुपारी होती. पडदेवाली उस्तादांचा हात धरून सभागृहात शिरली आणि दारातच थबकली. तिचे पडदे. गडद हिरव्या जाड कापडाचे, पाच-पाच पन्हे, म्हणजे पूर्ण रुंदीचे पट्टे, जोडून केलेले आठ उंच पडदे. शिवून तिने ते पाठवले होते, पण टांगलेले कधी पाहिले नव्हते. इतक्या उंचावरून ते असे सरळ पडले होते की तिचं तिलाच खरं वाटेना. ती मुद्दाम त्यातल्याच एकाशेजारी जाऊन बसली. हातातल्या विषयपत्रिकेवर तिने पाहिलं, सातवा विषय होता वाचनालयाचे पडदे. ते काम तिलाच मिळणार असं नगरपरिषदेच्या शिपायाने तिला खासगीत सांगितलं होतं. पडद्यांची सफाई नगराध्यक्षांना फार आवडली होती म्हणे.

नगराध्यक्षा पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. त्या खुर्चीत अशा बसायच्या की समोरचे सगळे आपोआप सरळ बसत. त्यांनी नगरपरिषदेच्या अभियंत्यांना आकडे विचारले. अभियंते कागद बघून म्हणाले, "गल्लीतून दिवसाला बत्तीस ट्रक जातात. गोदामवाल्यांनी तेवढेच कळवलेत, आम्ही स्वतः मोजलेत, आणि शुल्कही तेवढ्यांचंच येतं. बत्तीस ट्रकांनी भिंती पडत नसतात. पण हे बत्तीस बंद केले तर मदतीचा पैसा शून्य."

सभागृहात कुजबुज झाली. समोरच्या मावशींनी मान डोलावली. न्हाव्याने कपाळाला हात लावला.

पडदेवालीने तो आकडा मनात पुन्हा म्हणून पाहिला. बत्तीस? बत्तीस तर जेवायच्या आधी होतात. हे तिला इतकं पक्कं माहीत होतं, पण सांगणार कशाच्या आधारावर? आणि त्याच क्षणी तिचा हात शेजारच्या पडद्याला लागला. आधार तिथेच टांगलेला होता. फक्त तो दाखवायचा म्हणजे ज्या सफाईवर ही माणसं खूश होती तिच्यात गाठी आहेत हे आपल्याच तोंडाने, सगळ्या गावासमोर सांगायचं. आणि सातवा विषय अजून व्हायचा होता.

"मामंजी," ती हळूच म्हणाली, "गाठी दाखवू का?"

उस्तादांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "ट्रकने या घराला चाळीस वर्षं खायला घातलंय, सूनबाई. ट्रकाच्या विरोधात मी बोलणार नाही." मग म्हणाले, "पण खोटं मोजणाऱ्याने मला कधी काही खायला घातलेलं नाही. ऊठ तू."

ती उठली. पडद्याची कड हातात धरून बोलली. "मी पडदेवाली. हे पडदे माझे आहेत. रोज एक शिवला, सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत. ट्रक आला की मला मशीन थांबवावी लागते आणि थांबले की दोन टाके उलटे मारावे लागतात. प्रत्येक थांब्याची गाठ आत आहे. चांगल्या कामात अशा गाठी नसतात, हे मला माहीत आहे. मी त्या लपवल्या होत्या. आज म्हणते, मोजा."

अभियंते हसले. "रोज एक शिवला याला पुरावा काय?"

दाराशी उभा असलेला शिपाई घसा खाकरून म्हणाला, "साहेब, हातगाडी घेऊन मीच जायचो आणायला. रोज संध्याकाळी एक. आठ दिवस गेलो, आठ सह्या केल्यात."

अभियंत्यांनी पडद्याची खालची कड उलटली, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. "मला तर एकही गाठ दिसत नाही."

पडदेवालीला त्याही अवस्थेत थोडं बरं वाटलं. मग उस्ताद काठी टेकत पुढे आले, मांडी घालून जमिनीवर बसले आणि म्हणाले, "द्या इकडं. डोळेवाल्यांचं काम नाही हे."

त्यांचा अंगठा दुमडीवरून चालू लागला. एक, दोन, तीन. नगराध्यक्षा खुर्ची सोडून खाली आल्या आणि प्रत्येक आकड्याला कागदावर रेघ मारू लागल्या. आधी लोक हसत होते. वीसच्या पुढे हसायचे थांबले. बत्तीसाव्या गाठीला उस्तादांनी अंगठा थांबवून विचारलं, "साहेब, तुमचे ट्रक इथं संपले. पुढं जाऊ?" शिपायाने पडदा उतरवून त्यांच्या मांडीवर ठेवला; पुढे पन्हे जोडलेल्या शिवणी होत्या, वरची पट्टी होती. शेवटची गाठ एक्क्याण्णवावी निघाली.

"यातली एखादी कचऱ्याच्या गाडीची असेल," पडदेवाली प्रामाणिकपणे म्हणाली. "पण जेवायला आणि इस्त्रीला उठले तेव्हा जे गेले ते यात नाहीत."

अभियंत्यांनी स्वतः एक गाठ चाचपून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तरी ते म्हणाले, "पण आमच्या माणसाने दिवसभर बसून मोजलेत."

"कुठल्या वारी?" उस्तादांनी विचारलं.

"सोमवारी."

"सोमवारी गोदाम बंद असतं, साहेब. ते बत्तीस वाट चुकलेले असतील."

यावर मात्र सगळं सभागृह हसलं, मावशी आणि न्हावी एकाच वेळी. नगराध्यक्षा हसल्या नाहीत. त्या कागदाकडे बघत होत्या. "म्हणजे नव्वदांवर जातात आणि शुल्क बत्तीसांचं भरतात," त्या सावकाश म्हणाल्या. "मदत तर आजही बत्तीसांच्याच शुल्कावर चाललीय, मग ट्रक दिवसभर कशाला पाहिजेत? थोडे तास ठेवले आणि खरे मोजले, तर तीस-चाळीस ट्रकांतही मदत निघते. पुढच्या सभेपर्यंत पुन्हा मोजणी करा. सोमवार सोडून."

सातव्या विषयाला अभियंत्यांनी नाक मुरडलं. म्हणाले, सदोष काम आहे, दुसऱ्याला द्या. पडदेवालीने मान खाली घातली. नगराध्यक्षा म्हणाल्या, "दोष आपल्या रस्त्याचा आहे, तिने फक्त टिपून ठेवलाय. काम तिलाच." पडदेवालीला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही. लपवण्याचा कंटाळा आला होता.

नव्या मोजणीला नगरपरिषदेचा कारकून तीन दिवस तिच्याच खिडकीत बसला. उस्ताद "आला" म्हणायचे आणि तो लिहायचा. तीनही दिवस आकडा शंभराच्या वर गेला. पुढच्या सभेत ठरलं की ट्रक सकाळी सहा ते आठ जातील, बाकी वेळ बाहेरच्या रस्त्याने, आणि शुल्क फाटकावर मोजून. मदत चालू राहिली. मावशींनी न्हाव्याला नळावर आधी घागर भरू दिली, यापेक्षा मोठा तह त्या गल्लीत कधी झाला नव्हता. घरमालकाने भेग बुजवली आणि वरून रंग देताना म्हणाला, "आता वाढली नाही म्हणजे झालं." पडदेवालीने महिनाभर रोज त्या जागेवर करंगळी फिरवून पाहिली, भेग पुन्हा उघडली नाही.

वाचनालयाचं कापड फिकट पिवळं होतं. पहिल्या लांब दुमडीला पडदेवाली सकाळी नवाला बसली. उस्ताद नेहमीसारखे खिडकीत. खाली रस्त्यावर सायकली जात होत्या, कुणीतरी मुलाला हाका मारत होतं. तिचा पाय सवयीने दोनदा वर उठला आणि दोन्ही वेळा तिने तो परत खाली ठेवला. मशीन चालत राहिली. इतका वेळ सलग शिवायचं म्हणजे मध्ये श्वास कधी घ्यायचा हेही तिला नव्याने शिकावं लागलं.

दुपारी तिने पडदा उस्तादांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी सुरुवातीच्या गाठीवर अंगठा ठेवला आणि निघाले. मधे कुठंच थांबले नाहीत. एक पन्हा गेला, दुसरा गेला, कापड त्यांच्या हातांतून सरकत राहिलं. जुने ट्रक त्यांना आठवत असणार, चेहऱ्यावर तेही होतं. शेवटी कापडाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे गाठ असायला हवी तिथे गाठ लागली.

"काही लागलं का, मामंजी?"

उस्तादांनी आंधळे डोळे मिटले, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि चाळीस वर्षं ट्रकवर असताना मागून येणाऱ्या गाडीला सांगायचे तसं सांगितलं, "रस्ता मोकळा आहे. येऊ दे."