पुष्पाबाईनं मागितलं तेच

शामकला नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, बसून ती तांदूळ निवडत होती आणि आत सासू-सासऱ्यांची जुंपली होती.

"किल्ल्या मोठीलेच द्याच्या," सासरा श्यामलाल म्हणाला. "पुष्पाले डोकं आहे."

"आन् धाकटीले काय मडकं आहे?" सासू रुख्मा कडाडली. "तिच्या हातची भाजी खातांनी बोटं चाटता, तवा नाई आठवत डोकं?"

"चव जिभेले लागते. किल्लीले चव काय कराची?"

"दोघी सुना सारख्या. एकीले जे, ते दुसरीले."

"बरं बाप्पा! मोठी जे करन ते धाकटीनं करावं. आता तर झालं?"

भांडण तिथंच मिटलं. सासऱ्याला वाटलं, आपण जिंकलो. सासूला वाटलं, आपण. हरली ती सपरीतली. निवडलेले तांदूळ आणि खडे तिनं पुन्हा एक केले आणि पुन्हा निवडायला बसली, कारण डोळ्यांत पाणी आलं की खडा दिसत नाही.

त्या दिवसापासून ती जाऊबाईच्या मागं लागली ती लागलीच. घरची रीतही तशीच होती. नवं धान घरात आलं की नव्या तांदळाचा पहिला घास मोठ्या सुनेनं घ्यायचा, ती ताटातलं जे आधी उचलेल तेच धाकटीनंही आधी उचलायचं. पुष्पाबाईनं भाजी उचलली की शामकलाची भाजी. पुष्पाबाईनं वरण उचललं की हिचंही वरण, मग हिला त्या दिवशी खीर खावीशी वाटली तरी. गावातल्या इतर घरच्या सुना वर्षातून एक दिवस ही रीत पाळतात आणि विसरतात. शामकलानं ती अंगी लावून घेतली. पुष्पाबाईकडं हिरवी साडी आली की हिच्याकडं हिरवी. तिनं दारात पपई लावली की हिनं पपई. तिची पपई गोड निघाली आणि हिची नर निघाली, तेव्हा हिनं ती कुऱ्हाडीनं तोडली आणि नवऱ्याला, शालीकरामला सांगितलं, वाऱ्यानं पडली.

"वारा मोठा हुशार दिसते," शालीकराम म्हणाला, "बरोबर बुडातून तोडते."

घरं वेगळी झाली. मधे एक भिंत आली, शामकलाच्या कमरेएवढी. पुष्पाबाई उंच, म्हणून तिच्या तर मांडीएवढीच. याचंसुद्धा हिला वाईट वाटायचं.

पुढं दोघींना नातवंडं झाली. पुष्पाबाईचा खुशाल, शामकलाची रेणू. एकाच वर्षीची. रेणूचे मायबाप नागपूरला कामाला, म्हणून पोरगी आजीजवळ. गावची शाळा पाचवीपर्यंत. सहावीला दोघांची नावं सडकेवरच्या मोठ्या गावात टाकली आणि आषाढात, ऐन धान रोवण्याच्या दिवसांत, शाळेनं पालकांना बोलावलं.

शामकला धानाच्या बांधीतून उठून तशीच गेली. पोटऱ्यांना चिखल, डोक्यावर पदर. मुख्याध्यापक केवलराम सर पोरांच्या पुढच्या वर्षांचं समजावून सांगत होते. गणित-विज्ञान इंग्रजीतून घ्यायचं की मराठीतून. दूरच्या पोरींना बसचा पास कसा मिळतो. पुस्तकं कधी येतात. आणि शेवटच्या तासाला दोन वर्ग आहेत. एक सरांकडं, गणिताचा, आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी आतापासून तयारी. दुसरा सोनिका मॅडमकडं. ज्याला जो लागेल तो घ्यावा, दोन्ही एकाच वेळी असतात, म्हणून एकच घेता येईल. वर बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घरघरत गेलं आणि मॅडमचा वर्ग कशाचा, तेवढंच नेमकं शामकलाला ऐकू आलं नाही.

खरं तर तिचं लक्षच नव्हतं. तिचं लक्ष पुष्पाबाईकडं होतं.

पुष्पाबाई कोपऱ्यात सोनिका मॅडमशी कानात बोलत होती. तोंडाला पदर लावून. मॅडम मान हलवत होती, हातावर हात ठेवत होती. चोरून खाल्लेला लाडूच जास्त गोड असतो, हे शामकलाला ठाऊक होतं.

"काय मागून राहिली होती बाई मॅडमले?" तिनं विचारलं.

"काई नाई. पोराच्या कामाचं."

"आमची बी पोरगीच आहे, वासरू नाई."

"तुह्या पोरीचं तू पाहा नं माय," पुष्पाबाई म्हणाली आणि झपाझप निघून गेली. एरवी ती सभा संपल्याशिवाय कधी उठत नसे.

शामकला रेणूचा हात धरून सरांच्या टेबलाशी गेली. "खुशालले जे देलं, तेच माह्या रेणूले."

"आजी, रेणूचं गणित चांगलं आहे," सर म्हणाले. "तिला माझ्या वर्गात..."

"गणित तिले घरी बी येते. पुष्पाबाईनं मागितलं तेच पाहिजे. आमच्या घरी दोन पंगती नाई वाढत."

मागं रांग लागलेली, बाहेर पाऊस, लोकांचे रोवणे खोळंबलेले. सरांनी एकदा रेणूकडं पाहिलं, एकदा आजीकडं. आजीचा आवाज मोठा होता. रेणूचं नाव मॅडमच्या वर्गात गेलं.

घरी येताना पोरगी म्हणाली, "आजी, मले सरच्या वर्गात बसाचं होतं."

"तुले काय समजते? पुष्पाबाई उगीच तोंड लपवून नाई मागत."

त्या पोरीला आकड्यांची भारी हौस. परह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या मोजता मोजता ती मजुरांच्या आधी सांगायची, कोणती बांधी किती पेंढ्यांत होईल. पण त्या दिवसापासून तिनं मोजणं सोडलं. शाळेतून यायची, हातपाय धुवायची, जेवताना ताटात बोटानं रेघा ओढायची.

"काय शिकवते मॅडम?"

"धडा वाचाले लावते."

"मंग?"

"मंग परत तोच धडा."

"वाचन मोठंच असते," शामकला म्हणाली. पुष्पाबाईला काय मिळालं ते तिला अजून कळलं नव्हतं, पण आपल्याही ताटात ते पडलंय, या समाधानानं ती निंदणात, तण उपटता उपटता, बायकांना सांगायची, "आमच्या रेणूले मॅडमनं खास आपल्या वर्गात घेतलं. गावातून दोनच पोरं. एक पुष्पाबाईचा, एक माही." पुष्पाबाईच्या आधी स्वतःचं नाव घेता आलं असतं, पण रीत ती रीत.

पुष्पाबाई हे ऐकायची आणि खाली मान घालून धुऱ्याची, बांधाची वाट धरायची. शामकलाला वाटायचं, जळते. आयुष्यात पहिल्यांदा जळते माझ्यावर. त्या आनंदात तिला दोन घास जास्त जायचे.

पोळ्याच्या आधी शाळेतून निरोप फिरला, पोळा झाला की शिष्यवृत्तीच्या वर्गात नवीन पोरं घेणार नाहीत. शामकलानं तो या कानानं ऐकला, त्या कानानं सोडला. तिला वेगळीच काळजी. खुशालला मॅडम पुढं बसवते आणि रेणूला मागं, असं काही नाही ना? पाहून यावं.

ती शेवटच्या तासाला गेली आणि खिडकीपाशी उभी राहिली.

खुशाल पुढंच बसला होता. रेणू कुठं बसली ते पाहायला तिनं मान उंचावली. मग तिनं ऐकलं. खुशाल पुस्तकावर बोट ठेवून वाचत होता. "त... ळ्या... त... ब... बग..." कपाळावर घाम. मॅडम शेजारी बसून हळूच म्हणत होती, "हो, आता पुढचं." बगळा पुरा व्हायला एवढा वेळ लागला, की खरा असता तर मासोळी खाऊन उडून गेला असता. त्याच्या मागचं पोरगंही तसंच. त्याच्या मागची पोरगीही. सगळा वर्ग बोटाबोटानं चालत होता.

रेणूचं पुस्तक मिटलेलं होतं. ती समोरच्या खोलीकडं पाहत होती. तिथं फळ्यावर आकडे होते आणि केवलराम सर विचारत होते, "कोण सांगेल?" तिथं कोणाचा हात वर येईना. इथं बाकाखाली रेणूचं बोट हललं, मांडीवर काहीतरी लिहिलं आणि पुसलं.

शामकला वर्गाबाहेरच्या पायरीवर बसली.

मॅडम बाहेर आली. "आजी, वाचायला मागं राहिलेल्या मुलांसाठी आहे हा वर्ग. खुशालच्या आजी त्या दिवशी रडत होत्या माझ्याजवळ. म्हणाल्या, गावात सांगू नका, पोरगं शाळा सोडून देईल."

"रेणू काऊन नाई बोलली मले?"

"खुशालनं तिला शपथ घातली आहे."

शामकलाला काय वाटलं ते तिला स्वतःला नीट सांगता आलं नसतं. एवढी वर्षं जिचा हेवा केला ती पदराआड रडत होती, आणि आपण तिच्या रडण्याचाही वाटा मागून घेतला. हेवासुद्धा धड करता आला नाही. आणि तेवढ्यात, खोटं कशाला सांगायचं, मनात दिवा पेटला. एक शब्द. निंदणात एकच शब्द टाकायचा, खुशालला वाचता येत नाही. किल्लीवाल्या डोक्याचा नातू! संध्याकाळपर्यंत गावभर. तिच्या जिभेवर तो शब्द खिरीसारखा आला. तिनं तो घोळवलाही.

"रेणूले सरच्या वर्गात टाका," ती मॅडमला म्हणाली.

"टाकू. पोळ्याच्या आत आलात, बरं झालं. पण आजी, गावात विचारतील ना? तुम्हीच सांगितलंय म्हणे सगळ्यांना, खास वर्ग म्हणून."

तोच तर पेच. चांगल्या वर्गातून पोरगी काढली तर लोक विचारणार, काऊन? खरं सांगावं तर खुशाल उघडा. शामकला घरी येईपर्यंत त्या एका शब्दाशी झोंबत आली.

दुसऱ्या दिवशी निंदणात बायकांनी विचारलंच. "कावं शामकला, रेणूचा वर्ग बदलला म्हणते?"

पुष्पाबाईचा हात मातीतच थांबला. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. शामकलानं ते पोटभर पाहून घेतलं. मग म्हणाली, "नाई झेपला माय तिले. मॅडमचा वर्ग भारी. खुशाल टिकला, आमची नाई टिकली. काढलं तिले."

"अवं बाई!"

"मंग काय! गणितातच बसते आता. आकडे खाते का काय करते, तिचं तिले माहीत."

पुष्पाबाईनं घसा साफ केला. तिचा रंग परत आला, पाठ ताठ झाली.

"जाऊ दे, शामकला," ती मोठ्या जावेच्या आवाजात म्हणाली. "सगळ्यांलेच नाई जमत. मनाले लावून नोको घेऊ. माह्या खुशालले सांगतो, रेणूले शिकवत जाय म्हणून."

शामकलाच्या हातातलं गवत मुळासकट आलं, सोबत धानाची दोन रोपंही आली. ती तिनं गुपचूप परत रोवली. तोंडातून एवढंच निघालं, "तुमचे उपकार, बाई."

रात्रीच्या जेवणात मात्र रेणू ताटावर बसली ती बोलतच सुटली. सरांनी काय विचारलं, हात कोणी वर केला, मागचे किती धडे भरून काढायचे आहेत. शालीकराम म्हणाला, "पोरीले घास तर गिळू दे." शामकला पोळी वाढत राहिली.

पोळा झाला. बैल धुतले, सजवले, फिरवले. पुष्पाबाईच्या बैलांची झूल जास्त झगझगीत होती. दुसऱ्या आठवड्यात शाळा पुन्हा सुरळीत सुरू झाली, आणि शामकलाचं दिवसाचं शेवटचं कामही. उन्हं कलली की सडकेवरच्या थांब्यावर जायचं, बसमधून पोरं उतरवून घरी आणायची. दोन्ही पोरं हीच आणायची, कारण पुष्पाबाईला गुडघ्यांपायी डॉक्टरनं आता फार चालू नका म्हणून सांगितलं होतं. गुडघेही मेले तिचेच आधी दुखले.

"घेऊन येतो, बाई," ती भिंतीवरून म्हणाली.

"सांभाळून आण. खुशालले सडकेच्या कडेनं चालव."

"आन् रेणूले काय मधून चालवू?"

बस आली. रेणू उतरली, मग खुशाल. शामकलानं दोघांची दप्तरं घेतली, एक या खांद्यावर, एक त्या. चार पावलं गेल्यावर तिनं दोन्ही हलवून पाहिली. खुशालचं जड होतं.

"काय देते रे मॅडम तुले एवढं?" ती म्हणाली. "रेणूले नाई देत."