माझ्या ए, तिच्या सी

एम.एस्सी.नंतर पीएच.डी.ला लागले, तेव्हा पहिलं वर्ष कोर्सवर्कचं होतं आणि मला प्रत्येक विषयात ए ग्रेड मिळाली. लॅबमध्ये माझ्याबरोबर घाटकोपरची एक मुलगी होती. तिला दोन विषयांत सी. पेपरात ती पहिल्याच प्रश्नावर विचार करत बसायची आणि शेवटचे प्रश्न राहून जायचे. मला तिची कीव यायची, आणि कीव करायला बरंही वाटायचं.

वर्ष संपल्यावर कॉम्प्रिहेन्सिव्ह. प्राध्यापकांसमोर सगळ्या विषयांची एकत्र तोंडी परीक्षा. ती पास झाल्याशिवाय संशोधन पुढे जायचं नाही. आधी मी आत गेले. एका सरांनी विचारलं, माठातलं पाणी गार का होतं? मी फळ्यावर समीकरण लिहिलं. ते म्हणाले, ते राहू दे, आपल्या मुंबईच्या दमट हवेत ते कमी गार का होतं, तेवढं साध्या भाषेत सांगा. मी पुन्हा तेच समीकरण समजावायला लागले.

"तुमच्या ग्रेड्स बघून वाटलं होतं, तुम्हाला फार काही विचारावं लागणार नाही," सर म्हणाले. मला पुढच्या सत्रात पुन्हा बसायला सांगितलं.

मग ती आत गेली. बराच वेळ बाहेर येईना. मला वाटलं, हिचीही वाट लागली. तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला. सर तिच्याशी चक्क गप्पा मारत होते.

पुढच्या रविवारी ती आमच्याकडे बोरिवलीला आली. आईने घावणे केले, तिला आग्रहाने वाढले, निकाल विचारला, ती पास झाल्याचं ऐकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हुशार आसा गो तुझी मैत्रीण." मी उठून गॅलरीत गेले आणि दोरीवरचे अर्धवट ओले कपडे काढायला लागले.

ती मागोमाग आली. "उद्यापासून वही बंद ठेवून मला शिकव," ती म्हणाली. "मी मध्ये मध्ये अडवणार. चिडू नकोस हं."

नाही म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण मला गरज होती. रोज कॅन्टीनमध्ये मी शिकवायचे आणि ती दर वाक्याला "म्हणजे काय गं?" विचारायची. मी चिडायचे. घरी जाऊन मात्र उत्तर शोधायचे.

दुसऱ्या वेळी मी पास झाले. अख्ख्या लॅबला तिनेच सांगितलं, जणू तिचाच निकाल लागला होता. इतकं निर्मळ खूश होता येतं तिला, याचाही मला हेवा वाटला. ती पहिल्याच वेळी पास झाली त्याचा वाटला होता, त्याहून जास्त.