जयवंतचा हात

मुलुंडच्या बाजारात जयवंत परबच्या हाताला नाव होतं. दुकानांच्या पाट्या रंगवताना तो वेलांटी एका दमात वळवायचा. धंदा थोरल्या भावाचा, मार्तंडचा, हात जयवंतचा.

८१ साली त्याला दुसऱ्यांदा उदासीनं धरलं. जेवण सुटलं, झोप उडाली, दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. डॉक्टरांनी लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या आणि हळूहळू तो माणसात आला. बायकोनं, शेवंतीनं, गावच्या देवीची ओटी भरली.

मग हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी डोस कमी केला, तरी बारीक रेघ काही जमेना. मार्तंड गिऱ्हाइकांसमोर त्याला 'कापरोबा' म्हणू लागला. हे औषधामुळे होतंय, असं शेवंती सांगायला गेली, तर मार्तंड म्हणाला, "वेड चार भिंतींत लपतं गं. हा हात कुठे लपवू?"

तिनं डॉक्टरांना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. वर्षानुवर्षं घेतल्यावर गळ्यातली ग्रंथी बिघडू शकते, किडनीवर ताण येऊ शकतो. गोळ्या सोडल्या तर आजार बहुतेक परतणार. कधी, ते सांगता येत नाही. घरी जयवंतचं एकच म्हणणं, मला माझा हात पाहिजे. शेवंतीनं चार दिवस काढले आणि हो म्हटलं. डॉक्टरांना न सांगता गोळ्या बंद झाल्या.

हात स्थिरावला. त्यानं मिठाईवाल्याची पाटी अशी रंगवली की लोक थांबून बघायचे. मार्तंडनं घरी पेढे पाठवले.

गणपती झाले आणि जयवंतनं अंघोळ सोडली. शेवंती आज-उद्या करत राहिली. एका दुपारी पवईच्या तलावात उतरताना लोकांनी त्याला धरलं आणि घरी आणलं. मार्तंड आला, बघून गेला, जाताना ब्रशांचा डबा उचलून म्हणाला, "पोलिसांचं लचांड माझ्या दुकानात नको."

शेवंतीनं पुन्हा इस्पितळ गाठलं. गोळी ती स्वतः द्यायची आणि त्याला तोंड उघडून दाखवायला लावायची.

"तुला नवरा नकोय," तो एकदा म्हणाला. "श्वास घेणारं मडकं पाहिजे."

"हो. तेच पाहिजे."

पुढे तो बिल्डिंगींना चुना मारायचा. गळा सुजला, त्याची वेगळी गोळी लागली. शेवंतीशी तो कामापुरतंच बोलायचा.

८८ साली डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला. किडनीला झळ लागली होती. औषध बदलून बघता येईल, पण दुसरं लागू पडेलच असं नाही, म्हणाले, काय करायचं?

"तिला विचारा," जयवंत म्हणाला. "मी तिचाच आहे."

शेवंतीला पवईची ती दुपार आठवली. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

"हेच चालू ठेवा," ती म्हणाली.