आक्कांची दवाखान्याची पुस्तकं

ओळखीचं कुणी दवाखान्यात आहे असं कळलं की लोक शहाळं नेतात. सुमतीआक्का पुस्तक नेत. आदल्या दिवशी ते स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पिशवीत टाकत नसत. आधी दहा वेळा वाचलेलं असलं तरी पुन्हा. "औषधाच्या बाटलीवरची तारीख बघून घेतीस न्हवं? मग ह्याचा शेवट नको बघाय?" असं म्हणत.

आक्कांनी निपाणीच्या एका शाळेत चाळीस वर्षं मराठी शिकवलं. मीही त्यांच्याच हाताखालची. वर्गात त्या अगदी छापील बोलत, आणि घंटा झाली की आमच्याकडच्या सगळ्या बायकांसारख्या 'मी येतो, मी जातो' म्हणत. मूलबाळ नव्हतं. नवरा लवकर गेला. भाचा महावीर शेजारीच राहायचा, तो बघायचा त्यांच्याकडे.

तीन वर्षांपूर्वी बेळगावात माझं पोटाचं ऑपरेशन झालं. मी टिळकवाडीत पाळणाघर चालवते. यादीशिवाय माझं पान हलत नाही, त्यामुळे दवाखान्यात न्यायच्या सामानाची यादी होती, तशी पुस्तकांचीही होती. वाचायची राहून गेलेली बारा मोठी पुस्तकं. चौथ्या दिवशी आक्का निपाणीहून बसनं आल्या. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी माझी यादी वाचली.

"शैले, ही वाचायची न्हाईत गं. वाचली म्हणून सांगायची हाईत."

मग माझ्या पोटाशी असलेलं सहाशे पानांचं पुस्तक उचललं. "टाक्यावर वीट ठिवून घेतलीयास व्हय?" दुसरं उचललं, ते विनोदी होतं. "आणि हे कुणी दिलं? वैरी हाय का कोण? हसलीस तर टाकं उसवंल. हसायचं पुस्तक टाकं काढल्यावर."

हसायचं नाही म्हटल्यावरच मला हसू आलं आणि पोट धरून मी कळवळले. "बघ," आक्का म्हणाल्या.

त्यांनी आणलेलं पुस्तक एका हातात मावणारं होतं. एका माणसानं विहीर खणताना रोज काय काय बघितलं, एवढंच त्यात होतं. प्रकरणं चार-चार पानांची. "डॉक्टर राऊंडला येईस्तोवर एक प्रकरण संपाय पायजे. अर्धवट ऱ्हायलं की बीपी चढतंय." खासबागेतल्या एका ओळखीच्या गृहस्थांचा पाय मोडला होता, त्यांना मात्र आक्कांनी रहस्यकथा दिली होती. मी त्यावरून छेडलं, तर म्हणाल्या, "खून पाय मोडलेल्याला चालतोय. काळजाच्या पेशंटला न्हाय."

घरी आल्यावर मी हे सगळं वहीत उतरवून काढलं. वजन, टाइप, प्रकरणं, शेवट. पाळणाघरातल्या मुलांचे आईबाप आजारी पडले की मी त्या पानावरून पुस्तक निवडून द्यायची, आणि ते बरोबरही ठरायचं.

गेल्या वर्षी आक्कांना पक्षाघाताचा झटका आला. महावीरनं त्यांना बेळगावला आणलं. उजवी बाजू गेली होती. बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं. मी वही काढली, दोन दिवस खपले, चार पुस्तकं निवडली आणि चारही आधी वाचून काढली. त्यांच्या डाव्या हातात पहिलं ठेवलं तेव्हा, खरं सांगते, मला शाबासकी हवी होती.

त्यांनी पुस्तक धरलं. बघत राहिल्या. मी समाधानानं घरी आले. दुसऱ्या दिवशी तेच पान. म्हटलं, थकल्या असतील. तिसऱ्या दिवशी मी आणखी मोठ्या टाइपाचं पुस्तक नेलं. आक्कांनी ते पांघरुणावर पालथं ठेवलं.

"अक्षरं हाईत," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बोलंनात."

डॉक्टरांना विचारलं. झटक्यानंतर वाचन जाऊ शकतं, म्हणाले. परत येतं? कधी येतं, कधी नाही. त्याच्यापुढे मला लिहून घेण्यासारखं काही नव्हतं.

दोन दिवसांनी भिंतीवरच्या पाटीकडे बघत आक्का काहीतरी पुटपुटू लागल्या. महावीर खुर्चीतून उठलाच. पाटी कन्नड होती, चपला बाहेर काढा म्हणून सांगणारी, आणि आक्का ती अडखळत पण बरोबर वाचत होत्या, हे त्याला कळलं. "आत्तीची बाराखडी कन्नड," तो म्हणाला. "माहेर चिकोडीकडं. मराठी निपाणीत आल्यावर शिकली." डॉक्टर म्हणाले, असंही होतं. नंतर शिकलेलं पुसलं जातं, आधीचं राहतं.

म्हणजे पुस्तक द्यायचं तर कन्नड. आणि माझं कन्नड भाजीवाली आणि रिक्षावाला यांच्यापुरतं. वाचायला बसच्या पाट्या, त्याही आकड्यांच्या आधारानं. महावीर म्हणाला, "मला काय कळतंय पुस्तकातलं? तूच आण." मी दुकानात गेले आणि वहीतलं सगळं घडाघडा सांगितलं: हलकं, मोठा टाइप, छोट्या गोष्टी, शेवट चांगला, रडवणारं नको.

"मॅडम, टाइप दाखवतो," दुकानदार म्हणाला. "शेवटाची ग्यारंटी मी कशी देऊ?"

त्यानं दिलेलं गोष्टींचं पुस्तक मी घेतलं. न वाचता नेलेलं ते पहिलंच. आक्कांनी ते उघडलं आणि ओठ हलवत वाचू लागल्या. एक ओळ, मग दम, मग पुढची ओळ. दुसऱ्या दिवशी गेले तर डोळ्यांतून धारा. मी घाबरून सिस्टरला पान दाखवलं. तिनं उभ्याउभ्या वाचलं आणि म्हणाली, "ह्यातली आई वारते हो."

मी पुस्तक ओढून घ्यायला गेले. आक्कांनी सोडलं नाही. डाव्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"आक्का, द्या. मी दुसरं आणते. चांगलं."

"ऱ्हाऊ दे."

"तुम्हीच सांगायचात ना, आजारी माणसाला..."

"वाचून रडतोय न्हवं," त्या म्हणाल्या. एकेक शब्द सुटा येत होता. "वाचून."

मी हात काढून घेतला.

त्यानंतर त्या नऊच दिवस जगल्या. मी पाळणाघर दुपारी मदतनिसावर सोपवून तिथं जाऊन बसायची. पुस्तक त्या डाव्या हातानं धरत, त्यामुळे पान उलटायला हात उरत नसे. तेवढं काम मला होतं. पान संपलं की त्या मान हलवत आणि मी पान उलटायची. कधी त्या हसत, कधी गाल ओले होत, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघून पुढच्या पानावर काय असेल याचा अंदाज करायची. एकदाही बरोबर आला नाही. "काय झालं?" विचारलं तर त्या सांगायला बघत, कन्नड आणि मराठी एकमेकांत अडकत, मग हात हलवून म्हणत, "उलट."

नवव्या दुपारी त्यांची मान बराच वेळ हलली नाही. महावीर चहाला खाली गेला होता. पान अवघड असेल, असं मला वाटलं. दाट छापलेलं होतं. मी कोपरा चिमटीत धरून वाट बघत बसले.