जिभेखालच्या गोळीचा नमुना

रविवार, सकाळी सव्वाअकरा, मयूर विहारमधलं आमचं स्वयंपाकघर. हजर: सासरे (निवृत्त सुभेदार, सध्या पेशंट), नवरा सुहास, मुलगी मिही आणि मी. गैरहजर कोणी नाही, कारण सर्वांना आदल्या दिवशीच लेखी कळवलं होतं.

छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांनी बाबांना दिली होती. पहिल्याच वेळी बाबांनी ती चहाबरोबर गिळली. सोमवारपासून आम्ही तिघं दिवसभर बाहेर, बाबा घरी एकटे. म्हणजे आजच शिकवायचं, आणि शिकवल्याशिवाय कोणाला जेवण नाही!

फ्रिजवर यादी लावली होती. एक, आधी खाली बसावे. दोन, गोळी जिभेखाली ठेवावी; चावू नये, गिळू नये. तीन, वर पाणी किंवा चहा नको. चार, विरघळेपर्यंत बोलू नये. पाच, दुखणं थांबलं नाही तर लगेच फोन. प्रात्यक्षिकासाठी मी पेपरमिंट आणली होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"सूनबाई, फौजेत उस्ताद नमुना दाखवतो तेव्हा हातात खरी रायफल असते. काठी नाही."

सुहास म्हणाला, "यार, राहू दे ना." (हे वाक्य ऐकल्यावर मी आजवर काहीही राहू दिलेलं नाही.)

मी खरी गोळी जिभेखाली ठेवली, लाटणं उचललं आणि एकेक नियम दाखवू लागले. पहिला नियम, खाली बसावे, मी व्यवस्थित उभं राहून दाखवला. तिसऱ्यापर्यंत डोकं ठणकू लागलं आणि फ्रिज नोएडाच्या दिशेने सरकू लागला.

"काय होतंय तुला?" सुहासने विचारलं.

मी लाटणं चौथ्या नियमावर ठेवलं: बोलू नये. मिहीने मोबाईल काढला, म्हणाली मम्मी एकदम रियल करतेय. मी पुन्हा लाटणं टेकवलं. या वेळी ते भाजीच्या कप्प्यावर लागलं, कारण मीच तेवढी खाली आले होते.

"नाटक नाही हे. धर तिला," बाबा सुहासला म्हणाले. त्यांनी मला फरशीवर आडवं करवलं, पाय पिठाच्या डब्यावर ठेवले. परेडमध्ये जवान कोसळला की असंच करतात म्हणे. "आता गोळी थुंक."

मी मान हलवली. विरघळली नव्हती अजून.

"सूनबाई, हुकूम आहे."

थुंकले.

फोनवर डॉक्टरांनी आधी विचारलं, हृदयाचा पेशंट नक्की कोण? मग झापलं: या गोळीने रक्तदाब उतरतो, दुसऱ्या कोणी ती गंमत म्हणूनही घ्यायची नाही. शेवटी त्यांनी बाबांची परीक्षा घेतली. बाबांनी पाचही नियम क्रमाने, न अडखळता सांगितले. नमुना पक्का डोक्यात बसला होता!

सोमवारी मी निर्धास्तपणे ऑफिसला गेले. बाबांच्या परीक्षेनंतर यादीत पाचही नियमांपुढे बरोबरच्या खुणा झाल्या. फक्त सहावा राहिलाय, तो बाबांनी स्वतःच्या अक्षरात वाढवलाय: "सूनबाईने खाली बसणे."

त्याच्यापुढे अजून खूण नाही. हेही मी ओट्यापाशी उभ्यानेच लिहितेय.