दिव्याचा फ्लॅट मी का विकला

हे मी माझ्या नवऱ्यालाही अर्धंच सांगितलंय, आणि ते अर्धंही खोटं आहे. खरं काय ते कोणापुढेच बोलले नाही — बहिणीपुढेसुद्धा नाही. गेले आठ-दहा दिवस पोळी लाटताना हात मधेच थांबतो, गॅस चालू ठेवून मी बाल्कनीत जाऊन उभी राहते. कशासाठी जाते? माहीत नाही. म्हणून लिहायला बसलेय.

मी डोंबिवलीत राहते. ठाण्यातल्या एका कंपनीत अकाउंट्सला होते. थोडे पैसे साठले की लहानसा फ्लॅट घ्यायचा, भाड्याने द्यायचा, त्या भाड्याच्या जोरावर पुढचा बघायचा — असं माझं चाललेलं. पहिला घेतला दिव्यात, दिवा स्टेशनजवळ, वन रूम किचन. स्वस्त मिळाला. सगळे पैसे साठवलेले होते, कर्ज काढावं लागलं नाही, त्यामुळे त्याचे कागद कुठल्याच बँकेने तपासले नव्हते. मी स्वतः वरवर चाळले. रजिस्ट्रेशन झालं, मला वाटलं झालं सगळं.

तिथे वनिता आणि प्रकाश भाड्याने राहायला आले. मूळचे संगमेश्वरकडचे. प्रकाश एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होता, वनिता ऑर्डरप्रमाणे पोळ्या करून द्यायची. भाडं कधी चुकलं नाही. पाणी दिवसाआड यायचं, तर तिने स्वतःच्या पैशाने टाकी बसवून घेतली. मला नंतर सांगितलं, तेही सहज.

मग मला कल्याणला एक चांगला टू बीएचके दिसला. हातातले पैसे कमी पडत होते. दिव्याचा फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढायचं ठरवलं आणि बँकेत फाइल दिली. तीन आठवड्यांनी तिथल्या अधिकारी बाईंनी बोलावून घेतलं. आवाज खाली करून म्हणाल्या, “मॅडम, या बिल्डिंगची परवानगी बनावट आहे. कागदावरचा नंबर दुसऱ्याच प्लॉटचा आहे. यावर कोणीच कर्ज देणार नाही. आणि खरं सांगू का — ही बिल्डिंग कधीही पाडतील.” बँकेच्या वकिलाचा रिपोर्ट त्यांनी माझ्या हातात दिला.

माणसाला अशा वेळी काय सुचावं? त्यात राहणाऱ्या माणसांचा विचार यावा ना? माझ्या मनात आलं — हा आता विकायचा कसा. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, वय आडवं आलं, रिटायरमेंट जवळ आली की कर्ज देत नाहीत. रिपोर्ट कपाटात साड्यांखाली ठेवला.

त्याच सुमारास प्रकाशचा कारखाना बंद झाला आणि त्याला एकरकमी पैसे मिळाले. वनिता घरी आली. म्हणाली, हे पैसे असेच संपतील, त्याआधी डोक्यावर छप्पर करून घेऊ, तुम्ही विकाल का? — मी तिला शोधायला गेले नव्हते, तीच आली. या वाक्याला मी बरीच वर्षं धरून बसलेय. पण त्याने काय होतं? कारण पुढे तिने विचारलं. अगदी सरळ विचारलं.

“ताई, मागे बँकेचा माणूस घर बघून गेला, तुम्ही यावर कर्ज काढणार होतात ना? बँकेने का नाही दिलं?”

“अगं, माझं वय आडवं आलं,” मी म्हटलं. नवऱ्याला सांगून सांगून ते तोंडात बसलं होतं.

“मग ठीक आहे. आम्हाला कागदातलं काय कळतं? तुम्ही घेतलाय म्हणजे बघूनच घेतला असणार.”

मी चहा टाकायला उठले.

एवढ्यावर थांबले असते तरी पुरेसं वाईट होतं. पण तिला थोडे पैसे कमी पडत होते आणि त्यासाठी ती बँकेत जाणार होती. बँकेत गेली असती तर — तिलाही त्या बाईंनी आवाज खाली करून सांगितलं असतं. ती वाचली असती. मी तिला म्हटलं, बँकेत महिनोन्‌महिने जातात, पतपेढी बरी. व्याज जास्त होतं, पण त्यांनी बिल्डिंगचे कागद मागितले नाहीत, दोन जामीनदार मागितले. मी स्वतः तिच्याबरोबर गेले, फॉर्म भरून दिला. जामीनदार व्हाल का, असं तिने विचारलं तेव्हा मात्र नवऱ्याला आवडत नाही म्हणून सांगितलं. तिच्या गावचे दोघे उभे राहिले. भाव मी थोडा कमी केला होता. त्यालाही ती माझा चांगुलपणा समजली, रजिस्ट्रेशनच्या दिवशी रजिस्ट्रार ऑफिसच्या जिन्यातच वाकून पाया पडली. मी पडू दिलं.

तिच्या पैशांतून कल्याणचा फ्लॅट झाला. त्याचे मागच्या तीस वर्षांचे कागद मी वकिलाकडून तपासून घेतले.

वर्षभराने दिव्याच्या बिल्डिंगला नोटीस लागली. रहिवासी कोर्टात गेले, थोडी मुदत मिळाली, मग तीही संपली. वनिताचा फोन आला म्हणून मी गेले. सामान रस्त्यावर आलं होतं, पाण्याची टाकीसुद्धा. पोकलेन वरच्या मजल्याला लागलं होतं. ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, कळलं हिला. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “ताई, तुम्हालाही फसवलं हो त्यांनी.”

मी म्हटलं, “हो.”

पुढे बिल्डरविरुद्ध तक्रार झाली. पहिल्या खरेदीदारांचे जबाब हवे होते. ‘परवानगी बनावट असल्याची मला कल्पना नव्हती’, असं मी लिहून दिलं, खाली सही केली. त्या दिवशी घरी येऊन तो रिपोर्ट फाडला.

ती दोघं आता शीळफाट्याकडे एका खोलीत भाड्याने राहतात. प्रकाश एका कॉम्प्लेक्सवर वॉचमन आहे. पतपेढीचे हप्ते अजून चालू आहेत — नसलेल्या घराचे. दहा दिवसांपूर्वी वनिताचा फोन आला. तिच्या दिराला बदलापुरात घर घ्यायचंय, कागद बघून द्याल का, आमचे एकदा हात पोळलेत, तुमच्याशिवाय कोणावर विश्वास नाही, म्हणाली. मी म्हटलं, पाठव त्याला.

कल्याणचा फ्लॅट आज विकला तर तिचे सगळे पैसे व्याजासकट देऊन वर थोडे उरतात. हा हिशेब मी केलेला आहे, एकदा नाही, कितीतरी वेळा. फ्लॅट विकलेला नाही.